नोंदणी क्रमांकाचा रकाना

अखेर ठराव झाला. आमच्या सोलापूरच्या डिजिटल शिक्षणाच्या नेटवर्कमध्ये आजवर शाळा, कॉलेजं आणि काही कॉम्प्युटर सेंटर एवढेच सभासद होते. यापुढे तालमी, गणेशोत्सव मंडळं, वाचनालयं, महिला बचत गट, समाजाच्या संस्था, वस्तीतल्या अभ्यासिका यांनाही सभासद होता येईल. बैठक लांबली, चहा पुन्हा सांगावा लागला, एक मुख्याध्यापक मधेच तडकून निघून गेले आणि रात्री फोन करून म्हणाले, "माझं मत होकारात धरा, पण मी नाराज आहे हे इतिवृत्तात लिहा." लिहिलंय, सर.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. तेरा ते एकवीस वयाची मुलंमुली शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी जमतात आणि कॉम्प्युटर, मोबाईल, जे असेल ते वापरून काहीतरी स्वतःचं करतात. कुणी आवाज रेकॉर्ड करून त्याचा कार्यक्रम बनवतं, कुणी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गेम करतं, कुणी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर आपली गल्ली चढवतं, कुणी मराठी विकिपीडियावर आपल्या गावच्या पानातल्या चुका काढत बसतं. सभासद संस्था एकमेकींना जागा, मशिनं, माणसं उसनी देतात. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राचं खातं आपल्याकडे एमएस-सीआयटीने भक्कम सांभाळलंय; त्याच वर्गांवर शिकवून माझं घर चाललं, त्यामुळे त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण प्रमाणपत्र हातात पडलं की पोरं पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नाहीत, हेही मीच पाहिलंय.

कल्पना मूळची आमची नाही. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या पैशावर असं एक जाळं सुरू झालं. पुढे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने ते चालवायला घेतलं आणि ते 'हाइव्ह' या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्यात संग्रहालयं होती, सार्वजनिक ग्रंथालयं होती, आणि त्यांच्या जोडीला शाळेनंतर मुलांबरोबर काम करणाऱ्या लहान संस्थाही होत्या. त्याच वर्षी शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात 'यूमीडिया' नावाची एक जागा फक्त किशोरवयीन मुलांसाठी उघडली. लॅपटॉप, कॅमेरे, गाणं रेकॉर्ड करायची सोय, आणि कुणी नुसतं टेकून गप्पा मारत बसलं तरी उठवायचं नाही. आमच्याकडे ज्यांनी सुरुवात केली त्यांनी यातली 'संस्थांनी एकत्र यायचं' ही गोष्ट घेतली. संस्था कुणाला म्हणायचं, ते मात्र सोलापूरच्या सरकारी सवयीने ठरलं. ज्यांच्याकडे पाटी आहे, शिक्का आहे आणि लेटरहेड आहे, त्या संस्था.

आता न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात मुलांना शिकवायला वेगळा विभाग असतो, पगारी माणसं असतात. आपल्याकडे संध्याकाळी सहाला मुलं सापडतात कुठे? पोरगे तालमीत, नाहीतर मंडळाच्या कट्ट्यावर. पोरी घरात, आईच्या शेजारी विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन. अभ्यासाला बसायचं तर समाजाच्या हॉलात किंवा वाचनालयात. शाळेची कॉम्प्युटर लॅब त्या वेळी कुलपात असते आणि शिपाई घरी गेलेला असतो.

मी शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीतली. घरात तेलुगु, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी दख्खनी. अम्मा विडी कामगार. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या, त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढे पैसे गेले. हे काम घड्याळाने चालत नाही आणि घरातल्या मुलीला त्यातून सुट्टी नसते. त्यात उजनीचं पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस असला की पोरगी भांडी, टिप, बादल्या भरत उभी. एका चांगल्या कॉलेजची लॅब आमच्या मुलींसाठी शनिवारी दुपारी उघडून मिळाली होती. आमच्या गल्लीत शनिवार पाण्याचा निघाला. वर्ग ओस. अहवालात लिहिलं गेलं, 'मुलींमध्ये तंत्रज्ञानाविषयी रुची कमी आढळली.' असल्या वाक्यांचा मला मनापासून राग येतो.

शहराबाहेर कुंभारीकडे तर आणखी वेगळं चित्र. गोदूताई परुळेकर वसाहत म्हणजे दहा हजार विडी कामगार बायकांची घरं. त्याच बाजूला असंघटित कामगारांची रे नगर वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पंधरा हजार घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. माणसं राहायला गेली, पण तिथल्या पोराला शहरातल्या सात रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या लॅबमध्ये यायचं तर रिक्षाचं भाडंच अंगावर येतं. तिथे कुणाला सभासद करणार? शिक्कावाली संस्था शोधत बसलो तर ती पिढी म्हातारी होईल. बचत गट मात्र आहेत, बायका आहेत, गणपती आहे, भजनी मंडळ आहे.

सोलापूर जिल्हा आणि डिजिटल शिक्षण म्हटलं की लोक लगेच परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घेतात. घ्यावंच. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पना त्यांनी माढा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राबवली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. पण ते शाळेच्या आतलं काम आहे. मी बोलतेय ते शाळेची घंटा झाल्यानंतरचं, आणि ज्यांनी शाळा सोडली त्यांचं. यंत्रमागावर कांड्या भरणारा सतरा वर्षांचा पोरगा कुठल्या शाळेच्या पटावर शोधणार?

तर अर्जाची गोष्ट. जुन्या अर्जात पहिलाच रकाना: नोंदणी क्रमांक. त्याखाली लेखापरीक्षण अहवाल, संगणकांची संख्या, इंटरनेटचा वेग, प्रशिक्षित शिक्षकाचं नाव आणि पात्रता. एका तालमीचे वस्ताद माझ्यासमोर तो कागद घेऊन बसले होते. वयाने साठीच्या पुढचे, कान कुस्तीत मोडलेले. पेन उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "ताई, तालीम माझ्या आज्याच्या आधीची हाय. नंबर कुणी दिला नाही." आणि संगणकांच्या संख्येपुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाही. लाल माती आहे.'

हसण्यासारखं आहे, पण कागदाच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा, त्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. कितीतरी गणेश मंडळं ती कायमची नोंदणी करत नाहीत. वर्गणी गोळा करण्यापुरती कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी काढतात, उत्सव झाला की ती संपते. वाचनालयांचा कायदा वेगळा, १९६७ चा. त्यात अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान. बचत गटाचं तर तिसरंच. त्यांच्याकडे ठरावाची वही असते आणि बँकेचं पासबुक. म्हणजे ही माणसं हवेतली नाहीत, प्रत्येकाचा कुठे ना कुठे कागद आहे. फक्त एका रकान्यात मावेल असा एक नंबर नाही. मी बैठकीत एवढंच म्हटलं, की रकान्यासाठी संस्था शोधायच्या की संस्थांसाठी रकाना बदलायचा, ते ठरवा.

खरं तर ठरावाच्या आधीच काही मंडळी 'निरीक्षक' म्हणून येत होती. (निरीक्षक हा शब्द मीच सुचवला होता. आडवाटेने आत घ्यायला बरा पडतो.) त्या काळात जे घडलं त्यानेच बैठकीतली निम्मी मतं फिरवली, माझ्या भाषणाने नव्हे.

त्या तालमीतल्या लेझीम पथकाचं उदाहरण. आमच्याकडे गणपती असो, शिवजयंती असो, लेझीम पाहिजेच, आणि लेझमीला हलगी पाहिजे. पथकात नवीन पोरांना डाव शिकवायचे तर हलगीवाला रोज लागतो, आणि तो रोज कुठून येणार, त्याला कामधंदा आहे. एका पोराने मोबाईलवर हलगी रेकॉर्ड करून आणली. आम्ही ती ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पडद्यावर टोकदार डोंगररांग दिसली आणि तो पोरगा एकदम पुढे सरकला. जाड काठीचा आवाज कुठला, पातळ छडीचा कुठला, हे त्याने आकारावरून ओळखायला सुरुवात केली. मग दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं. मिरवणुकीतलं रेकॉर्डिंग मोजलं तेव्हा कळलं, की सुरुवातीला आणि शेवटाला लय एक नाही. गर्दी वाढली की हलगीवाला नकळत चढत जातो. हे वस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले, "नकळत न्हाय. आम्हीच खुणावतो." बघा! पोराने आकडे काढले, त्यांचा अर्थ तालमीत होता. त्याने प्रत्येक डावासाठी संथ, मध्यम, जलद अशा फायली करून दिल्या आणि आता सराव त्यावर चालतो. हा मुलगा नववीत गणितात नापास झालेला आहे, हे त्याच्या शाळेने मला वेगळं कळवलं होतं.

बचत गटाचं काम त्याहून साधं आणि मला त्याहून आवडतं. महिन्याला ठरावीक बचत, गटातल्या गटात कर्ज, महिना दोन टक्के व्याज, सगळं एका लांब वहीत. दोन मुलींनी ते स्प्रेडशीटमध्ये उतरवलं. सूत्रं घातली, रंग दिले, खूश झाल्या. गटाच्या बैठकीत लॅपटॉप उघडला तर एक मावशी पडद्याकडे नीट न बघताच म्हणाल्या, "हे चुकलंय." कसं? पाच हजार घेतले, पहिल्या महिन्याचं व्याज शंभर. बरोबर. मग हजार फेडले. आता बाकी चार हजार, व्याज ऐंशी. मुलींच्या सूत्रात ते शंभरच राहिलं होतं, कारण त्यांनी मूळ रकमेवर व्याज धरलं होतं. मावशी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी बसल्या बसल्या तोंडी सगळ्या वर्षाचा फरक सांगितला आणि वर विचारलं, "तुमच्या मशिनीला हे कळत नाही होय?" मुलींनी सूत्र बदललं. घटत्या शिलकीवरचं व्याज ही गोष्ट अकाउंटन्सीच्या पुस्तकात त्यांनी वाचली असेल किंवा नसेल, पण आता त्या ती जन्मात विसरणार नाहीत.

आणि पुठ्ठ्यांचं सांगायचं राहिलंच. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तिच्यावरचा मोर किंवा फूल मागावर उमटतं कसं, हे मात्र पूर्व भागातल्या पोरांनाही आता सांगता येत नाही, कारण बापाने माग दाखवण्याऐवजी 'तू शीक, इकडे येऊ नकोस' म्हटलेलं असतं. समाजाच्या एका हॉलात आमचा गट बसायचा. तिथे रोज संध्याकाळी पेपर वाचायला एक निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, यायचे. मुलं शून्य आणि एकच्या गणितावर अडखळत होती. मी पारंपरिक पद्धतीने दिवा चालू, दिवा बंद असं काहीतरी सांगत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, घरी गेले आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लड घेऊन आले. जेकार्ड मागाचे पुठ्ठे. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तार म्हणजे उभा धागा उचलला जातो, आडवा धागा तिच्याखालून जातो. भोक नसेल तिथे तार खालीच. पुठ्ठा पुढे सरकला की पुढची ओळ. एवढंच. असल्या ओळींवर ओळी चढल्या की मोर.

तेलुगुत सांगत होते, मधे मराठीत येत होते, उर्दू शाळेतल्या दोघांसाठी हिंदी. मुलांनी तोच पुठ्ठा बघून चौकटीच्या कागदावर काळी-पांढरी घरं भरली, मग ते आकडे कॉम्प्युटरला दिले आणि पडद्यावर तीच किनार आली. मग मी माझी पुस्तकी भर घातली: जोसेफ मारी जाकारने हा माग फ्रान्समध्ये १८०४ साली सिद्ध केला, त्यानंतर अनेक वर्षांनी, १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हरमन हॉलरिथने भोकांचीच कार्डं वापरून माणसं मोजली, आणि त्याची कंपनी पुढे जिच्यात मिसळली ती आयबीएम झाली. जॉबरमामांनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आमची पगार का वाढली नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्यावर असे किती हात नुसते पेपर चाळत बसले असतील. कुठल्या शाळेने 'अतिथी व्याख्याते' म्हणून त्यांना बोलावलं असतं? पात्रतेच्या रकान्यात काय लिहिलं असतं?

म्हणून मला 'आपण त्यांना संधी देऊ या' ही भाषा खटकते. बैठकीत ती बरीच वापरली गेली. त्यांच्याकडून येणारी गोष्ट आपल्या लॅबमध्ये नाही, म्हणून त्यांना घ्यायचं. यात उपकार कसला.

आता विरोधाकडे येते. विरोध करणारे काही वेडे नव्हते. पहिली भीती राजकारणाची. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, अध्यक्षांच्या मागे नगरसेवक, नगरसेवकाच्या मागे नेते, आणि फ्लेक्सवर 'आधारस्तंभ' म्हणून पासपोर्ट आकाराची दोन डझन तोंडं. महापालिकेच्या निवडणुकीच्या हंगामात आमच्या पोरांच्या कामावर कुणीतरी आपला फोटो चिकटवणार, हे कुणी शपथेवर सांगायला नको. नियम केला: कुठल्याही कार्यक्रमाच्या फलकावर माणसाचा चेहरा नाही. संस्थांची नावं, सगळी एकाच आकारात, अकारविल्हे. या एका नियमावर एक मंडळ आत्ताच मागे सरलंय. बरं झालं.

दुसरी भीती अधिक खोल. आपल्या शहरात तालीम, हॉल, मंडळ हे बहुतेक एकेका समाजाचे, एकेका पेठेचे. त्यांना सभासद केलं तर नेटवर्कचेही तेवढेच तुकडे होतील. पद्मशाली मुलं पद्मशाली हॉलात, लिंगायत मुलं त्यांच्याकडे, मुस्लिम मुलं नई जिंदगी वस्तीत, बौद्ध वस्तीतली मुलं त्यांच्या विहारात. हे ऐकून मी गप्प बसले होते, कारण खरं आहे. पण मग शाळांचं काय आहे? मराठी, कन्नड, तेलुगु, उर्दू, इंग्रजी अशी माध्यमांची भिंत तिथे आहेच, आणि फीची भिंत त्याहून उंच. त्यामुळे ठरलं ते असं: कुठलंही काम एकट्या संस्थेचं नसेल. कमीत कमी दोन सभासद, आणि ते दोन वेगळ्या पेठांतले. जागा फिरती. डॉ. कोटणीस स्मारकावरचा ऐकायचा मार्गदर्शक या पद्धतीने झाला. मराठी, कन्नड, तेलुगु, उर्दू चारही आवाज त्यात आहेत, आणि द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले तेव्हा त्यांचं वय किती होतं यावर चौघांची भांडणंही. (ऑक्टोबर १९१० चा जन्म, सप्टेंबर १९३८ ला गेले. वजाबाकी करा, पण महिने धरून.)

नियमाने सगळं जमेल असं मी म्हणत नाही. एका मुलीच्या घरून 'त्या भागात नको' असा निरोप आलाच. तिच्या आईला मी आणि तिथल्या गटातली एक आई अशा दोघी जाऊन भेटलो. अजून होकार नाही.

सुरक्षिततेचं कलम सगळ्यांत लांब आहे आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. मुलं असतील तिथे दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यातली एक बाई. दार उघडं. आईवडील कधीही न सांगता येऊ शकतात. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ पासून आहे, त्यातली तक्रार करण्याची जबाबदारी काय असते हे प्रत्येक नव्या सभासदाला तोंडी समजावून सांगायचं, नुसता कागद द्यायचा नाही. मुलांचे फोटो, नंबर, जन्मतारखा कुठल्याही मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या नाहीत. वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि संमती म्हणजे आईला तिच्या भाषेत कळलेली संमती. माझ्या अम्मापुढे इंग्रजी फॉर्म ठेवून सही घेणारे मी लहानपणी खूप पाहिलेत.

वर्गणीवर मात्र खडाजंगी झाली. शाळा-कॉलेजं वर्षाची वर्गणी भरतात. मंडळांना आणि गटांना ती माफ. त्यांनी पैशाऐवजी जागा, वेळ किंवा माणूस द्यायचा. एका सरांचं म्हणणं, फुकट मिळालं की किंमत राहत नाही. मी या मताची नाही. वर्षभर संध्याकाळी हॉल उघडून दिवे लावून देणारी संस्था काहीच देत नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या हॉलचं वीजबिल भरून बघावं.

आता मुख्याध्यापक का तडकले ते. लोकांना वाटलं तालमीमुळे. नाही. तालमीला ते तयार होते, स्वतः तरुणपणी आखाड्यात उतरलेले आहेत. त्यांना झोंबलं ते दुसरं कलम: नवीन सभासद घ्यायचा की नाही, यात निम्मी मतं मुलांची असतील. अर्ज करणाऱ्या संस्थेच्या माणसांनी मुलांसमोर बसून सांगायचं, आम्ही काय देणार, आम्हाला काय हवंय. मुलं प्रश्न विचारतील. पहिल्याच बैठकीत एका पंधरा वर्षांच्या पोरीने मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, "तुमच्याकडे पोरींसाठी बाथरूम आहे का?" अध्यक्ष गडबडले, मागे बघायला लागले. बाथरूम नव्हतं. मंडळाने शेजारच्या घराशी बोलून सोय केली आणि मग परत आले. आम्ही मोठ्यांनी बनवलेल्या अर्जात इंटरनेटचा वेग होता, बाथरूम नव्हतं.

सरांचं म्हणणं, उद्या हीच पोरं शाळेच्या सभासदत्वावरही मत देतील. हो सर, देतील. तेही ठरावात आहे.

माझी स्वतःची एक शंका आहे ती सांगून टाकते. मंडळं उत्साही असतात, पण त्यांचं वर्ष आपल्यासारखं नसतं. गणपतीच्या आधी महिनाभर जागा देखाव्याला जाते, नवरात्रात देवी बसते, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, तालमीत त्या त्या वेळी नुसता लेझमीचा सराव. मधल्या काळात सगळे सामसूम. त्यामुळे नव्या अर्जात विचारलंय: वर्षातल्या कुठल्या महिन्यांत तुम्हाला जमणार नाही? न जमणारे महिने खरे सांगणाऱ्याला मी जास्त भरवशाचा धरते. 'बारा महिने चोवीस तास तयार' असं लिहिलेला एक अर्ज आलाय, त्याच्यावर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. खासगी क्लासवाल्यांना घ्यायचं का? सध्या नाही, त्यांना आमच्या मुलांचे पत्ते हवेत. मंगल कार्यालयाच्या ट्रस्टींनी अर्ज केलाय. जागा झकास, एसी, पार्किंग, पण लग्नसराईत बाहेर काढणार आणि मुलांना मतदानात त्यांच्याबद्दल काहीच विचारावंसं वाटलं नाही. थांबवलंय. पक्षाच्या कार्यालयात चालणाऱ्या अभ्यासिका हा आणखी अवघड मामला, कारण काही अभ्यासिका खरोखर चांगल्या चालतात. त्यावर पुढच्या बैठकीत भांडू.

नवा अर्ज एका पानाचा आहे. मराठी, कन्नड, तेलुगु, उर्दू. नोंदणी क्रमांक असेल तर लिहा, नसेल तर तुम्हाला ओळखणाऱ्या दोन संस्था किंवा वस्तीतली पाच घरं सांगा, आम्ही जाऊन बोलू. तुमच्याकडे संध्याकाळी किती मुलं असतात, त्यात मुली किती. पाण्याचा वार कुठला. बाथरूम. जागेची किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस गावाला गेला तर कुणाकडे. तुमच्यातल्या कुणाला असं काय येतं जे आमच्यातल्या कुणाला येत नाही.

अर्ज हाताने लिहिलेला चालेल, फोटो काढून पाठवलेला चालेल, कुणाला लिहिता येत नसेल तर आमचा एखादा मुलगा येऊन लिहून घेईल. फक्त गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या आधी द्या. एकदा नंदीध्वज निघाले की सोलापुरात कुणी कुणाचा फोन उचलत नाही, आणि उचलला तरी पाळण्यांच्या कर्कश आवाजात पाण्याचा वार कुठला ते ऐकू येत नाही.